बारा मुद्दाम आहेत

जन्मतारीख साठवणाऱ्या कोडमध्ये एक ओळ होती. माणसानं तारीख भरली की ती ओळ त्या तारखेला वेळ चिकटवायची, आणि सगळ्यांना एकच वेळ: दुपारचे बारा. वर कमेंट, म्हणजे कोड वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेली टीप, होती, 'बारा मुद्दाम आहेत. बदलू नका.' खाली एक लिंक. लिंक उघडत नव्हती.

मी ती ओळ बदलली.

त्या प्रकल्पावर येऊन मला दोनच महिने झाले होते. नव्या घरात आधीच्या लोकांनी भिंतीला ठोकून ठेवलेले खिळे जसे डोळ्यांत खुपतात, तसे ते बारा मला खुपायचे. तारखेला वेळ हवीच कशाला? आणि द्यायचीच असेल तर दिवस जिथून सुरू होतो ती मध्यरात्र द्यावी, म्हणजे शून्य. मी बाराचं शून्य केलं, कमेंट पुसली, कोड नीट चालतो का ते तपासणाऱ्या टेस्ट चालवल्या. सगळ्या पास. रिव्ह्यू करणाऱ्या सहकाऱ्यानं 'आता नीट वाचता येतंय' असा शेरा दिला. संध्याकाळपर्यंत नवा कोड सर्व्हरवर गेलासुद्धा.

चौथ्या दिवशी सकाळी पहिली तक्रार आली. 'मी १५ तारीख भरतो, तुमच्याकडे १४ दिसते.' दुपारपर्यंत तशाच आणखी सहा. सगळ्या अमेरिकेच्या दोन्ही खंडांतून.

कारण कळायला दहा मिनिटंही लागली नाहीत. सर्व्हर यूटीसीनं चालतो, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेनं. १५ तारखेची मध्यरात्र मी यूटीसीत साठवली होती. ग्रीनिचहून पाच तास मागे असलेल्या माणसानं आपलं पान उघडलं की त्याचा ब्राउझर ती वेळ तिथल्या घड्याळात बदलून घेतो, आणि तिथे तेव्हा १४ तारखेचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. पान फक्त तारीख दाखवतं, म्हणून १४. आम्ही सगळे ग्रीनिचच्या पूर्वेला बसणारे. आमची घड्याळं पुढे, त्यामुळे आम्हाला १५ ची १५च दिसत राहिली. टेस्ट चालवणारं मशीन यूटीसीवर, त्यालाही १५च दिसली. पश्चिमेकडून बघणारं आमच्यात कोणी नव्हतं, ना माणूस ना मशीन.

बारा म्हणजे दिवसाचा मध्य. मधोमध उभं राहिलं की मागे बारा आणि पुढे बारा तासांची जागा मिळते. कोणी पाच तास मागून बघो की साडेपाच तास पुढून, तारीख तीच राहते. ज्यानं ते बारा लिहिले होते, त्याला हे ठाऊक होतं.

ओळ पूर्ववत करायला एक मिनिट लागलं. खरं काम त्यानंतर सुरू झालं, आणि मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

मधल्या तीन दिवसांत ज्यांनी नाव नोंदवलं, त्यांच्या जन्मतारखांपुढे शून्य वेळ होती. त्या ओळखणं सोपं होतं. वेळ शून्याची बारा केली की काम झालं, असं वाटलं. तेवढ्यात एका नोंदीचा इतिहास नजरेस पडला. कोणी काय बदललं याची यादी आमच्या लॉगमध्ये राहते. त्या माणसानं आधी १५ भरली होती. दोन मिनिटांनी पुन्हा १५. मग लगेच पुन्हा १५. मग सात मिनिटं काहीच नाही. मग १६.

मी त्या चार ओळींकडे बराच वेळ बघत बसले. काय झालं असेल ते उघड होतं. त्यानं १५ भरली, पडद्यावर १४ आली. आपलंच बोट चुकलं असेल म्हणून पुन्हा भरली, पुन्हा १४. तिसऱ्यांदाही तेच. ती सात मिनिटं त्यानं काय केलं असेल? कदाचित उठून पाणी प्याला असेल, कदाचित घरातल्या कोणाला बोलावून दाखवलं असेल. आणि शेवटी त्यानं १६ भरली, पडद्यावर १५ उमटली, आणि त्याच्या दृष्टीनं विषय संपला. स्वतःची जन्मतारीख माणसाला पक्की ठाऊक असते. तरीही माझ्या मशीनची चूक पोटात घालून त्यानं ती खोटी लिहिली, कारण खरी लिहून खरी दिसत नव्हती.

अशी ३९ माणसं निघाली. आता मी नुसते बारा परत लावले असते तर या सगळ्यांचा जन्म एक दिवस पुढे सरकला असता. पहिली भरलेली तारीख खरी धरावी, असं म्हणावं, तर कोणी खरोखरच पहिल्यांदा चुकून नंतर दुरुस्तही केली असेल. लॉग बघून एवढंच कळतं की बोटांनी काय केलं. मनात काय होतं ते कळत नाही. म्हणून आम्ही ३९ जणांना पत्रं लिहिली: चूक आमची होती, आपली खरी जन्मतारीख कृपया एकदा कळवा. ३५ उत्तरं आली. चौघांचं उत्तर आलं नाही.

सॉफ्टवेअरबद्दल बोलताना आपण लिहिण्याबद्दल बोलतो. नवी भाषा, नवं फ्रेमवर्क, नवं काही उभं करणं. माझा स्वतःचा दिवस मात्र बहुतेक वाचण्यात जातो, आणि तेही दुसऱ्यानं लिहिलेलं. कोणीतरी काही वर्षांपूर्वी एक निर्णय घेतलेला असतो, त्याची फक्त शेवटची ओळ माझ्यासमोर असते, आणि तिच्यामागचा विचार मला उलटा शोधत जावा लागतो. या कामात मला जे समाधान मिळतं ते नवं लिहिताना क्वचितच मिळतं, हे आता मी मोकळेपणानं सांगते.

तेव्हा मात्र मला राग आला होता. आधी स्वतःचा, आणि मग, खरं सांगायचं तर, त्या अनोळखी माणसाचाही. 'मुद्दाम आहेत' एवढं लिहिलंस, तर का मुद्दाम हे लिहायला काय झालं होतं? कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये 'ब्लेम' नावाचा आदेश आहे. कोणती ओळ कोणी, कधी लिहिली ते तो सांगतो. लिनस टोर्वाल्ड्‌सनं एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट लिहायला घेतलं, आणि तेव्हापासून आमच्या धंद्यात इतिहास म्हणजे गिट, असं होऊन गेलंय. ब्लेम म्हणजे दोष. असं नाव असलेला आदेश चालवताना माणूस आधीच आरोपी शोधायला निघालेला असतो. मीही तशीच निघाले.

नाव सापडलं. तो माणूस कधीच नोकरी सोडून गेला होता. त्या बदलाबरोबर त्यानं लिहिलेला संदेश एका शब्दाचा होता: 'फिक्स'. मी वैतागून पान बंद करणार, तेवढ्यात वेळेवर लक्ष गेलं. गिट प्रत्येक कमिटबरोबर, म्हणजे नोंदवलेल्या बदलाबरोबर, वेळ ठेवतं, आणि लिहिणाऱ्याचं घड्याळ यूटीसीपेक्षा किती पुढे-मागे होतं तेही ठेवतं. म्हणजे त्याच्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते ते मला वाचता येत होतं. रात्रीचे २ वाजून १७ मिनिटं. त्याच्या आधीचे पाच कमिट बघितले: ११.४०, १२.०५, १२.५२, १.२०, १.५८. सगळ्यांत त्याच फाइलमध्ये काहीतरी करून बघितलेलं, मग उलटवलेलं. अडीच तास तो याच तारखेशी झगडत होता. कोणीतरी तिकडून ओरडत असणार, आणि शेवटी बारा सापडले तेव्हा त्याच्यात 'फिक्स' एवढंच लिहायचं त्राण उरलं असेल. तरी त्यानं वर कमेंट टाकली. तरी लिंक डकवली. झोपायला जायच्या आधी पुढच्या माणसासाठी, म्हणजे माझ्यासाठी, जेवढं ठेवता आलं तेवढं त्यानं ठेवलं होतं.

मी ते पुसलं होतं.

जुन्या कोडमधल्या कमेंट वाचायचा मला तेव्हापासून छंदच लागला. अपोलो ११ च्या चांद्रयानातल्या संगणकाचा कोड आज कोणालाही वाचता येतो. २०१६ मध्ये तो गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आला तेव्हा जगभरच्या प्रोग्रामरांनी तो चाळून काढला. चंद्रावर उतरताना यानाला दिशा देणाऱ्या भागात एका ओळीशेजारी लिहिलंय: 'तात्पुरतं, आशा आहे, आशा आहे, आशा आहे.' इंग्रजीत 'होप' हा शब्द तीनदा आहे. जुलै १९६९ मध्ये ती तात्पुरती ओळ चंद्रावर गेली. मला त्या माणसाची काळजी कळते. आपण लिहिलेलं पुरेसं चांगलं नाही हे त्याला माहीत होतं, आणि ते त्यानं लपवलं नाही.

दुसरी कमेंट युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सहाव्या आवृत्तीतली, १९७५ ची. एक प्रोग्राम थांबवून संगणक दुसऱ्याकडे वळतो, त्या अवघड जागी लिहिलंय: 'तुम्हाला हे समजावं अशी अपेक्षा नाही.' अनेक वर्षं लोक हे वाक्य मग्रुरीचा नमुना म्हणून सांगत राहिले. पुढे डेनिस रिचींनी खुलासा केला, की 'हे परीक्षेत येणार नाही' असं मास्तर म्हणतात तशा भावनेनं ते लिहिलं होतं. आणि खरी अडचण म्हणजे तिथे नेमकं काय चाललंय हे आम्हालाही कळलेलं नव्हतं. हा खुलासा मला मूळ कोडइतकाच मोलाचा वाटतो. सी भाषा ज्यानं घडवली तो माणूस सांगतोय की आम्हालाही कळलं नव्हतं. नुसती ओळ वाचून हे कोणाला कळलं असतं?

पण मला त्या न उघडणाऱ्या लिंकबद्दल सांगायचं राहिलं.

टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधन केंद्रात वेबचा पहिला प्रस्ताव मांडला. तेव्हा हायपरटेक्स्टवर, म्हणजे दुव्यांनी जोडलेल्या मजकुरावर, विचार करणारे इतरही लोक होते, आणि त्यांच्यातल्या काहींचा आग्रह असा, की दुवा तुटताच कामा नये. दोन्ही टोकांना एकमेकांची खबर हवी. वेबनं ही अट सोडून दिली. कोणीही कोणाकडेही बोट दाखवावं, परवानगी नको, कळवायला नको. समोरचं पान उद्या नाहीसं झालं तर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. ही सूट घेतली म्हणून वेब इतकं पसरू शकलं. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं ते सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं, आणि पुढचं आपण पाहतोच आहोत. त्या एका सवलतीची किंमत मात्र आपण रोज मोजतो. जुन्या कोडमधल्या लिंकांपैकी किती अजून जिवंत आहेत ते एकदा कोणीही आपापल्या प्रकल्पात मोजून बघावं. मन उदास होतं.

मेलेली लिंक मी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकली. ही संस्था ब्रूस्टर काल यांनी १९९६ मध्ये सुरू केली. वेबची पानं जमतील तेवढी टिपून ठेवायची, एवढाच ध्यास. त्या पानाची एकच प्रत तिथे होती. चित्रं गेलेली, रंग गेलेले, पण मजकूर शाबूत. कोणीतरी विचारलं होतं, 'जन्मतारीख एक दिवस मागे का दिसते?' खाली एकानं पाच ओळींत उत्तर दिलं होतं: मध्यरात्र साठवू नका, दुपारचे बारा साठवा. हेच ते बारा. आमच्या कोडमध्ये ते इथून आले होते.

त्याखाली आणखी एक उत्तर होतं, आणि ते वाचून मी खुर्चीत ताठ झाले. 'न्यूझीलंडला हे चालणार नाही.' एवढंच. ऑकलंड यूटीसीच्या बारा तास पुढे, उन्हाळ्यात तेरा. म्हणजे १५ तारखेचे यूटीसीतले बारा तिथे १६ च्या रात्रीचा एक. तिथल्या माणसाला आपली जन्मतारीख आमच्याकडे एक दिवस पुढची दिसत असणार, कित्येक वर्षं. त्यांच्यापैकीही कोणीतरी १४ भरून १५ मिळवली असेल आणि आम्हाला कधी कळवलं नसेल. त्या रात्री दोन वाजता दमलेल्या माणसाच्या नजरेतून ती शेवटची ओळ निसटली. माझ्याही निसटली असती.

घड्याळांच्या या भानगडीत मी मग पुरती शिरले. दिवस मध्यरात्री सुरू होतो, हे इतकं साधं गृहीत, तेसुद्धा खरं नाही. ब्राझीलमध्ये २०१८ पर्यंत उन्हाळी वेळ सुरू व्हायची ती मध्यरात्रीच. घड्याळ बारावरून थेट एकवर उडी मारायचं. म्हणजे त्या दिवशी तिथल्या घड्याळात मध्यरात्रीचा शून्य तास झालाच नाही, आणि 'त्या दिवसाची सुरुवात दे' असं म्हणणारे प्रोग्राम नसलेली वेळ मागत राहिले. सामोआनं २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडायचं ठरवलं. तिथे २९ डिसेंबरनंतर एकदम ३१ डिसेंबर आला. ३० डिसेंबर २०११, शुक्रवार, हा दिवस त्या बेटांवर उगवलाच नाही.

हे सगळं आपल्या फोनला कसं कळतं? टीझेड डेटाबेस नावाचा एक संग्रह आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात तो सुरू केला, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळला, आणि जगभरचे स्वयंसेवक त्यात भर घालतात. लिनक्स, अँड्रॉइड, अ‍ॅपलची यंत्रं, बहुतेक डेटाबेस, सगळे त्यावर चालतात. मला वाटलं होतं, एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीचं रूपही काही भव्य असेल. उघडून बघितलं तर साध्या टेक्स्ट फाइल्स. खंडागणिक एक: आशिया, युरोप, आफ्रिका. आणि त्यांच्यात नियमांपेक्षा कमेंट जास्त. या देशानं अमुक साली घड्याळ बदललं असं म्हणतात, पण त्या दिवसाचं वर्तमानपत्र वेगळं सांगतं. अमक्यानं पत्रानं कळवलं. आम्ही तूर्त हे धरतो, कोणाकडे पुरावा असेल तर सांगावं. मी एक संपूर्ण रविवार त्या कमेंट वाचण्यात घालवला. कोडसाठी लिहिलेल्या नोंदींमध्ये इतका सांभाळून केलेला इतिहास मी आधी कधी वाचला नव्हता.

या लोकांना स्वस्थता नसते. मार्च २०२३ मध्ये लेबननच्या सरकारनं उन्हाळी वेळ पुढे ढकलल्याचं अवघे दोन-तीन दिवस आधी जाहीर केलं. देशात काहींनी मानलं, काहींनी मानलं नाही, एकाच शहरात दोन वेळा चालू झाल्या. टीझेडनं घाईनं नवी आवृत्ती काढली. चार दिवसांत सरकारनं निर्णय मागे घेतला, टीझेडनं पुन्हा नवी आवृत्ती काढली. त्याआधी २०११ मध्ये तर ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीनं ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर दावाच ठोकला, की घड्याळांचा जुना इतिहास आमच्या मालकीचा आहे. ऑक्टोबरमध्ये काही दिवस तो संग्रह ठेवलेला सर्व्हर बंद राहिला. मग इंटरनेटची नावं आणि आकडे सांभाळणाऱ्या आयकॅननं संग्रह आपल्या छताखाली घेतला, आणि पुढच्या फेब्रुवारीत दावा मागे घेतला गेला. इतकं होऊनही आपली घड्याळं बरोबर चालत राहिली, म्हणून कोणाला त्यांची नावंही ठाऊक झाली नाहीत.

अशा माणसांवर हे सगळं उभं आहे, आणि ती किती थोडी आहेत हे अधूनमधून कळतं तेव्हा पोटात गोळा येतो. मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण तसंच. डेटा आवळून लहान करणारी ही छोटीशी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड, असंख्य लिनक्स मशिन्सवर असते. ती बरीच वर्षं एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. दमला होता, आणि तसं त्यानं उघडपणे लिहिलंही होतं. कोणीतरी खोट्या नावानं मदतीला आलं, दोन-अडीच वर्षं मनापासून काम केल्यासारखं वागलं, विश्वास कमावला, आणि मग परस्पर मशीनमध्ये शिरता येईल असा चोरदरवाजा त्या कोडमध्ये बसवला. तो जगभर पसरायच्या आत सापडला. अँड्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा प्रोग्रामर. त्याला दिसलं की एसएसएचनं, म्हणजे दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरण्याच्या मार्गानं, लॉगिन करायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपल्यापैकी कोणीही म्हणालं असतं, नेटवर्क असेल, जाऊ दे. त्यानं जाऊ दिलं नाही. खणत गेला, तळाशी पोहोचला, आणि २९ मार्चला सगळ्यांना कळवलं.

समोर विचित्र काही दिसलं आणि त्याचं कारण आपल्याला माहीत नाही, तेव्हा माणूस काय करतो? मी बारा बघितले आणि कारण नसेलच असं धरून चालले. त्यानं अर्धा सेकंद बघितला आणि कारण असलंच पाहिजे असं धरून चालला. त्याचं नाव मी माझ्या मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर लिहून ठेवलंय.

अलीकडे एक गोष्ट मनाला लागून राहते. मला अडलं की आता मीही एआयला विचारते. उत्तर चटकन मिळतं, बऱ्याचदा बरोबरही असतं, आणि कोणी 'हे आधी शोधायला काय झालं होतं' असं म्हणून पाणउताराही करत नाही. जुन्या दिवसांतल्या त्या पाणउताऱ्यांची मला बिलकुल आठवण येत नाही. कित्येक होतकरू मुलं त्यापायी गप्प झाली. पण तेव्हा प्रश्न चव्हाट्यावर विचारला जायचा आणि उत्तरही तिथेच पडून राहायचं. 'न्यूझीलंडला हे चालणार नाही' हे वाक्य कोणीतरी, कोणाच्या तरी प्रश्नाखाली, कसलीही अपेक्षा न ठेवता लिहून गेलं, आणि इतक्या वर्षांनी ते मला सापडलं. आज तोच प्रश्न मी माझ्या खिडकीत विचारते, उत्तर घेते, खिडकी बंद करते. शेजारच्या टेबलावरचा मुलगा उद्या तोच प्रश्न त्याच्या खिडकीत विचारतो. आमचं दोघांचंही काम होतं. मागे काहीच उरत नाही. या यंत्रांना जे येतं त्यातलं बरंचसं त्या चव्हाट्यावरच्या लिखाणातूनच आलेलं आहे, म्हणून मला याची जास्त काळजी वाटते.

मी माझ्यापुरती एक सवय लावून घेतली आहे. खिडकीत मिळालेलं उत्तर उपयोगी पडलं, की ते का उपयोगी पडलं हे माझ्या शब्दांत कमिटमध्ये लिहिते. लिंक दिली तर त्या पानावरचा मुद्द्याचा मजकूरही सोबत उतरवते, कारण लिंक जाणार आहे. सुरुवातीला सहकारी म्हणायचे, एवढं लांब कोण वाचणार. परवा त्यांच्यातल्याच एकानं दोन वर्षांपूर्वीचा माझा एक संदेश मला वाचून दाखवला. तो मी लिहिलाय हे मीच विसरले होते.

जन्मतारखेचं काम शेवटी आम्ही मुळापासून केलं. तारखेला वेळ चिकटवायचीच नाही. डेटाबेसमध्ये नुसत्या तारखेसाठी वेगळा प्रकार असतो, वेळ नाही, यूटीसी नाही, कोणाचं घड्याळ नाही; जन्मतारखेची जागा पहिल्या दिवसापासून तिथेच होती. सगळा जुना डेटा तिकडे हलवायला सहा आठवडे लागले. यूटीसीच्या बारा किंवा त्याहून जास्त तास पुढे राहणाऱ्या माणसांच्या नोंदी मी वेगळ्या काढल्या, आणि ज्यांच्या इतिहासात एकापेक्षा जास्त तारखा होत्या त्यांना पुन्हा पत्रं गेली. ऑकलंडच्या एका बाईंचं उत्तर आलं: मला वाटायचं, तुमच्याकडे असंच असतं.

ज्या दिवशी बाराची ती ओळ कायमची गेली, त्या दिवशी मी कमिटचा संदेश लिहायला बसले. बारा का होते ते लिहिलं. ते कुठून आले, त्यात न्यूझीलंड कसं राहिलं, मी त्यांचं शून्य का केलं आणि त्यानं काय झालं, तेही लिहिलं. जुन्या पानावरच्या पाच ओळी आणि खालची एक ओळ जशीच्या तशी उतरवली. रात्री २ वाजून १७ मिनिटांनी ही ओळ लिहिणाऱ्याचे आभार मानले, नावानं.

मग त्या चौघांकडे आले, ज्यांचं उत्तर आलं नव्हतं. तिघांच्या बाबतीत पहिली भरलेली तारीख धरली. चौथा माणूस १५, १५, १५, १६ वाला होता. त्याच्या नोंदीसमोर मी १५ लिहिली, आणि खाली ही चारही आकड्यांची ओळ, त्यांच्या मधल्या सात मिनिटांसकट.